दुसरं औषध येईपर्यंत

नोवो हाम्बुर्गो
६ मे २००५

लोरेनी,

नेल्सी लिहिते आहे. माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न उघडता चुलीत घालशील, म्हणून पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच.

पत्ता तुझ्या मैत्रिणीने, क्लारीने दिला. म्हणाली, घरचा नको, सलूनचा घाल, तिच्या नवऱ्याला पोरीचं काही माहीत नाही. तर सलूनच्या पत्त्यावर घातलं. तुझा संसार मोडायला मी आलेली नाही.

पोर जिवंत आहे. हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. तुझी जोसियाने, आमची जोसी, अठरा वर्षांची झाली. उंच झाली आहे. एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाते, फुटबॉल आला की ग्रेमिओच्या नावाने छाती बडवून घेते आणि मला मावशी म्हणते. तिला काय झालंय ते तिला माहीत आहे. कुणाकडून आलं तेही. मी लपवलं नाही, पण तुझी निंदाही केली नाही. निंदा करायला तुझा विषय निघावा लागतो.

मला तुझं रक्त हवं आहे. एक नळीभर. प्रेम, पैसा, माफी यातलं काही मागत नाही.

कशाला ते सांगते. पोरीचा बाप, दिर्सेउ, गेला, त्या वर्षी तू तापलेली पोर माझ्या मांडीवर ठेवलीस, औषध घेऊन येते म्हणालीस आणि माटो ग्रोसोची बस धरलीस. त्यानंतर पहिलं सिरप निघालं. कडू जहर. तेवढं एकच होतं, ते दिलं. काही महिने उपयोग झाला, मग होईना. मग दुसरं निघालं, ते दिलं. मग तिसरं. जे निघत गेलं ते एकेकटं तिच्या पोटात गेलं. डॉक्टरांपाशी तरी दुसरं काय होतं? आणि तिच्या अंगातला एड्सचा व्हायरस प्रत्येक औषध शिकत गेला. आता त्याला सगळी येतात. बाजारात आहे त्यातलं एकही तिला लागू पडत नाही.

पोर्तो आलेग्रेच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर मागाली म्हणून आहेत. बाई आहेत, आपल्याच वयाच्या. असल्या हट्टी व्हायरसवर नवं औषध बनतंय, ते माणसांवर करून बघायचं काम त्यांच्याकडे आहे. त्या म्हणाल्या, आई असेल तर तिच्याही रक्तातला व्हायरस बघायचाय. पोरीला आला तेव्हा तो कसा होता आणि कोणत्या औषधाने कसा पालटला, ते त्यातून कळेल. नवं औषध बनवणाऱ्यांना ते कळायला हवं. मी विचारलं, याने जोसीला काही फायदा? म्हणाल्या, खोटं सांगत नाही, बहुतेक नाही.

तरी मी लिहिते आहे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे. ती घेऊन तुमच्या तिथल्या दवाखान्यात जा, पुढचं ते बघतील. तू तिथे औषधं घेतेस हे क्लारीने सांगितलंय, तेव्हा मला काही नाही म्हणू नकोस.

नेल्सी


नोवो हाम्बुर्गो
२० जुलै २००५

लोरेनी,

रक्त पोचलं. डॉक्टरांच्या हातात खोकं बघितलं तेव्हा वाटलं आत चार ओळी असतील. नव्हत्या. असो.

निकाल सांगते. तुझा व्हायरस भोळा आहे. कुठल्याही साध्या औषधाने गप्प बसेल असा. डॉक्टर मागालींनी कागदावर काढून दाखवलं, तुझा सरळ रस्ता आणि पोरीचा सगळा वळणावळणांचा. मी म्हटलं, "डॉक्टर, आईचा एवढा साधा आणि पोरीचा असा, हे कसं?" तर म्हणाल्या, "आई उशिरा उपचाराला आली. तोवर तीन औषधं निघाली होती. तिला तिन्ही एकदम मिळाली. एकाला चुकवावं तर दुसरं उभं, दुसऱ्याला चुकवावं तर तिसरं. मुलीला एकेक मिळालं." मी विचारलं, "म्हणजे जी आधी औषधाला धावली तीच मेली?" त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

त्या दिवशी घरी येताना मला तुझा फार राग आला. तू पळून गेलीस त्याचा जुना झालाय. तू वाचलीस त्याचा आला. हे लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही.

पुढचं ऐक. नवं औषध आलंय. गोळी आहे, निळसर. पण तेही एकटंच आहे. त्याच्या जोडीला दुसरं, दुसऱ्या कंपनीचं, अजून प्रयोगशाळेतून बाहेर पडायचंय. वर्ष लागेल, कदाचित जास्त. डॉक्टर मागाली हे औषध देणाऱ्याच, आणि त्याच म्हणतात, ज्याला थांबता येईल त्याने थांबावं. दोन्ही एकदम घेतली तर टिकतील. एक एकटं घेतलं तर व्हायरस तेही शिकेल, आणि मग दुसरं आलं की तेही एकटंच पडेल.

तिथे बाकावर एक माणूस भेटतो, अदाइर नावाचा. पन्नाशीचा, ट्रक चालवायचा. त्याचीही सगळी औषधं संपलीत. ग्रेमिओच्या वैऱ्यांचा, इंतेरचा भक्त, त्यामुळे जोसीशी त्याचं रोज भांडण. परवा गोळीचा रंग ऐकून म्हणाला, "निळी? माझ्या वयात निळ्या गोळीचं काम वेगळं असतं, नेल्सीबाई." मी तोंड फिरवलं. जोसी हसून हसून खोकली. तो मग तिला म्हणाला, "ए पोरी, तुझा ग्रेमिओ खालच्या गटात घसरलाय, तू तरी वर राहा."

"काका, मी आणि ग्रेमिओ बरोबरच वर येणार. तुम्ही थांबणार की घेणार?"

"मी थांबणार. ट्रकवाला आहे, रांगेत थांबायची सवय आहे."

त्याच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी अजून बऱ्या आहेत. तो थांबू शकतो. जोसीच्या फार उतरल्यात. उन्हाळ्यात फुप्फुसं धरली होती, तोंडात पांढरं येतं, गरम घास घेववत नाही. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "तुमची पोर असती तर?" त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "नेल्सी, माझी असती तरी मला कळलं नसतं."

जोसीने मात्र वेळ घेतला नाही. म्हणाली, "मावशी, थांबायला मी असायला तर हवी ना?"

यावर तू काय म्हणाली असतीस? विचारून ठेवते.

नेल्सी


नोवो हाम्बुर्गो
२८ ऑक्टोबर २००५

लोरेनी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग पिठाच्या डब्यामागे ठेवलं, तिथेच जोसीला सापडलं. ओरडेल वाटलं होतं. पाकीट उलटंसुलटं करून म्हणाली, "अक्षर बरं आहे तिचं." आणि केस धुवायला गेली. केस धुताना गात होती, म्हणून सांगते, तुझ्या पत्राने तिला वाईट वाटलेलं नाही.

बातमी चांगली आहे. फार चांगली. पहिले दहा दिवस कुणाला खरी गोळी आणि कुणाला पोकळ, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. तिला पोकळ मिळाली असावी, कारण आकडा जिथल्या तिथे. मग सगळ्यांना खरी सुरू झाली. पंधरवड्याने रक्त घेतलं तर व्हायरसचा आकडा कोसळलेला. महिन्याने सापडेचना. डॉक्टर मागाली बाहेर बाकापाशी आल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं या कामात आहे, एवढ्या झपाट्याने उतरलेला बघितला नव्हता." अदाइर बाकावर चढून नाचला. नर्सने त्याला खाली उतरवलं.

तोंडातलं पांढरं गेलं. ती खाते, लोरेनी. कशी खाते! रविवारी मागच्या अंगणात शेजाऱ्यांनी मांस भाजलं, तर हाडं चोखून चोखून खाल्ली आणि वर लाल दारूत शिजवलेल्या साबुदाण्याचे दोन वाडगे. आईच्या हातचा व्हायचा तसाच करते मी. शेजारच्या पोराबरोबर नाचलीसुद्धा. तो वेडावलाय तिच्यावर. तिने पहिल्याच दिवशी त्याला सगळं सांगून टाकलं. मला म्हणाली, "पळाला तर लवकर पळालेला बरा." तो पळाला नाही. एक दिवस आला नाही, दुसऱ्या दिवशी आला, डोळे सुजवून.

तू विचारतेस, येऊ का? ये. आत्ताच ये. ती हसते आहे तेव्हा ये. तुझी तिची पहिली ओळख इस्पितळात व्हायला नको. नवऱ्याला सांग बहीण आजारी आहे. मी तुझ्यासाठी आजारी पडते.

नेल्सी


नोवो हाम्बुर्गो
१९ फेब्रुवारी २००६

लोरेनी,

डिसेंबरमध्ये वाट बघितली. सलूनला सणाची गर्दी असते हे मला माहीत नव्हतं, आता कळलं.

इकडे भर उन्हाळा, उकाडा फार. जोसीला थोडा खोकला आहे. बाकी ठीक. आमच्या बुटांच्या कारखान्यातून निम्म्या बायकांना काढलं, त्यात मीही. बरंच झालं, तिच्यासोबत घरी राहता येतं.

आकडा थोडा वर आलाय. डॉक्टर म्हणतात बघू.

नेल्सी


नोवो हाम्बुर्गो
३ मे २००६

लोरेनी,

फेब्रुवारीत तुला खोकला लिहिला. आता खरं लिहिते. व्हायरस तेव्हाच परतला होता, नाताळाआधीच. एकाही दिवशी तिची गोळी चुकली नव्हती. डॉक्टरांनी बाहेरदेशी रक्त पाठवलं. उत्तर आलं, त्याने हेही औषध शिकून घेतलं. व्हायरसच्या अंगात एका जागी एवढासा फरक, मोहरीएवढाही नाही, आणि गोळीला आता त्याला धरताच येत नाही. हे सांगताना डॉक्टर मागाली उभ्या होत्या, कारण बसल्या असत्या तर उठता आलं नसतं, असं मला वाटलं. जोसीने विचारलं, "माझ्याकडून तुम्हाला काही कळलं तरी का?" त्या म्हणाल्या, "हो. पुष्कळ." ती म्हणाली, "मग बरं."

आणि मग दुसरं औषध आलं.

गेल्या महिन्यात आलं, लोरेनी. वर्ष लागेल म्हणाले होते, त्याआधीच. मी डॉक्टरांकडे धावत गेले. तर त्या खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या. नियम असे, की पेशी अगदी संपलेल्या आणि यकृत बिघडलेलं, असा रोगी पहिल्या फेरीत घ्यायचा नाही. कारण मेला तर औषधाने मेला की रोगाने, ते कळत नाही. जोसीचं यकृत गेलंय. मी म्हटलं, "फेरीबाहेर द्या, दयेखातर द्या." म्हणाल्या, "मागितलंय." तीनदा लिहिलं त्यांनी कंपनीला. फोनवर भांडल्या, ते मी दाराबाहेरून ऐकलं, परक्या भाषेत, पण भांडण कळतं. मग बाहेर आल्या, माझ्या बाजूला बाकावर बसल्या आणि माझा माते चहाचा पेला हातातून घेऊन प्यायल्या. पाणी केव्हाच गार झालं होतं. म्हणाल्या, "नाही म्हणाले. आणि दिलं असतं तरी एकटंच पडलं असतं. मी स्वतःला हे सांगत राहते."

मी विचारलं, "थांबली असती तर?"

"थांबली असती तर कदाचित गेल्या हिवाळ्यातच गेली असती. कदाचित नसती. नेल्सी, हे मला विचारू नका, मी रोज विचारते."

मला कुणाचाच राग येत नाही, हीच पंचाईत आहे. कुणाचा तरी येता तर उभं राहायला आधार झाला असता.

अदाइर त्या दिवशी आमच्यासमोर आला आणि टोपी काढून उभा राहिला. तो थांबला होता, म्हणून त्याला दोन्ही मिळणार. जोसीच म्हणाली, "काका, टोपी घाला, इंतेरची टोपी न घातलेले तुम्ही अजूनच वाईट दिसता." तो तसाच निघून गेला. पुढे त्याला कावीळ झाली म्हणे, त्याचंही औषध लांबणीवर पडलंय. तेव्हापासून भेट नाही.

तिने तुला बोलावलेलं नाही. मी बोलावते आहे. ये. आता सलून, सण, नवरा यातलं काही लिहू नकोस. फक्त बसचा दिवस कळव.

नेल्सी


नोवो हाम्बुर्गो
२६ जून २००६

लोरेनी,

मी शेगडीवर पाइनच्या बिया, पिन्यांव उकडायला ठेवले होते, ते सोलून तुझ्यासाठी डब्यात भरणार होते. इस्पितळात पोचले तर तुझी खुर्ची रिकामी. जोसी म्हणाली, "गेली ती. बसची वेळ झाली म्हणाली." तुमच्या सिनोपच्या बसची वेळ संध्याकाळची, हे तिलाही माहीत होतं. आम्ही दोघींनी पिन्यांव खाल्ले. म्हणजे मी खाल्ले, तिने सोलले.

मी भांडायला लिहीत नाहीये. तू आलीस. तीन दिवस बसलीस. स्टँडवर तू उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही, गोरीगोमटी, भरलेली, नखं रंगवलेली. आणि तू मला ओळखलं नाहीस, कारण मी आईसारखी दिसायला लागले आहे. आपण दोघी तिथे एकमेकींच्या बाजूला उभ्या राहून एकमेकींची वाट बघत होतो. ते आठवून मी अजून हसते.

पहिल्या दिवशी तुम्ही दोघी हवेविषयी बोललात. दुसऱ्या दिवशी तू तिचे केस विंचरलेस, ते तिला आवडलं. तू केस धरतेस तसे मला कधीच धरता आले नाहीत, मी ओढते. तिने डोळे मिटून घेतले होते. तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले. दोघींत तिसरी नको म्हणून. आणि मला बघवेनाही. हेही लिहून टाकते.

पण ते तिसऱ्या दिवशीचं. तू सकाळी पर्समधून डबी काढलीस आणि पाणी मागितलंस. विसरलीस असशील तिच्यासमोर आहोत ते. जोसी म्हणाली, "बघू." तू डबी दिलीस. तिने गोळी तळहातावर घेतली, खिडकीकडे धरली.

"मावशी, ही बघ. ही माझी जुनी आहे. मी दहा वर्षांची असताना घ्यायचे ती."

मध्येच तू म्हणालीस, "हो का?" ती तुझ्याकडे वळली.

"हो. मला हिने काहीच होत नाही आता. तुला चालते?"

तू मान हलवलीस.

"चांगली चालते?"

तू पुन्हा मान हलवलीस. लोरेनी, तिने ती गोळी तुझ्या हातात परत ठेवली आणि पाण्याचा पेला तुझ्यापुढे केला. म्हणाली, "मग घे. चुकवू नकोस. वेळेवर घेत जा." त्यात टोमणा नव्हता. मी तिला ओळखते, टोमणा मारते तेव्हा तिची भुवई उडते. ती खरंच सांगत होती, जशी मी तिला सांगायचे तशी.

तू गोळी घेतलीस. मी घरी आले पिन्यांव लावायला. आणि तेवढ्यात तू गेलीस.

मी रागावले असते तर सोपं होतं. पण मी तुझ्या जागी असते तर त्या खोलीत दुपारपर्यंत बसले असते का, मला सांगता येत नाही.

तू गेल्यावर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मावशी, तिचे हात माझ्यासारखे आहेत. अंगठा बघितलास? मागे वळतो." मग म्हणाली, "झोपते मी."

तू तिच्या उशीवर ठेवलेली रंगीत ओढणी तिने गळ्यात घातली आहे. एवढं कळवायचं होतं.

नेल्सी


नोवो हाम्बुर्गो
१४ ऑगस्ट २००६

लोरेनी,

क्लारीने फोन केला असेलच. तरी माझ्याकडूनही तुला कळायला हवं.

जोसी बुधवारी सकाळी गेली. बाहेर हिवाळ्याचं दंव पडलं होतं. त्रास आदल्या आठवड्यात झाला, शेवटच्या दिवशी नाही. डॉक्टर मागालींनी सगळ्या गोळ्या आधीच बंद केल्या होत्या, जोसीनेच सांगितलं होतं, पुरे आता, चव तरी परत येऊ दे. चार वर्षांची असल्यापासून पहिल्यांदा तिने एक दिवस काहीही न गिळता काढला. मला म्हणाली, "मावशी, सुट्टी लागल्यासारखं वाटतंय." मी तिला साबुदाणा भरवला. दोन चमचे खाल्ला. लाल ओठ केले आणि म्हणाली, "लिपस्टिक."

बोलणं तेवढंच झालं. काही मोठं बोलली नाही. तुझ्यासाठी काही निरोप ठेवला असेल असं तुला वाटत असेल, तर नाही. ठेवला असता तर मी पोचवला असता. तिला वाटलं असावं तुला सांगायचं ते सांगून झालं.

पुरलं ते वरच्या टेकडीवर, आपल्या आईच्या शेजारी. शेजारचा पोरगा आला होता, झेरॉक्सवाले आले होते. डॉक्टर मागाली आल्या, पांढरा कोट घालूनच, बसने. ओढणी तिच्याबरोबर दिली. दिर्सेउ त्याच्या गावी आहे, त्याच्याजवळ न्यावं असं मला वाटलं नाही. तुला विचारायला हवं होतं का? विचारलं नाही.

घरात खोकला नाही, त्यामुळे झोप येत नाही. कारखाना पूर्ण बंद झाला. मी सकाळी उठते आणि माते चहा करते आणि दोन पेले काढते. मग एक परत ठेवते.

मला काही पाठवू नकोस. बँकेतून काहीतरी आलंय, ते मी परत फिरवलं. नाराज होऊ नकोस, मला ते कशावर खर्च करायचं कळेना.

नेल्सी


नोवो हाम्बुर्गो
३० ऑक्टोबर २००६

लोरेनी,

हे शेवटचं पत्र असेल असं ठरवून बसले होते. म्हटलं आता आपल्या दोघींत लिहिण्यासारखं काय उरलंय. पण काम निघालं.

डॉक्टर मागालींनी बोलावलं होतं. जोसीचं रक्त त्यांच्याकडे गोठवून ठेवलंय. पुढची औषधं त्यावर करून बघायची आहेत, ठेवू का, असं विचारत होत्या. कायद्याने विचारावं लागतं आणि त्यांना तसंही विचारायचं होतं. मी म्हटलं, ठेवा. म्हटलं, तिला विचारलं असतं तर तिने विचारलं असतं काही कळेल का, आणि तुम्ही हो म्हणाला असता. त्या म्हणाल्या, आता नवं औषध एकटं कुणालाच देत नाहीत. जोडीनेच. जोसीचं आणि तिच्यासारख्या इतरांचं बघूनच ते ठरलं. मी मान हलवली. मला त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कदाचित पुढे वाटेल, कदाचित नाही.

निघाले तर बाकावर अदाइर. अर्धा झालाय. गाल बसलेत, शर्ट खांद्यावरून घसरतोय. त्याची कावीळ उतरली, आणि त्याच दिवशी त्याची दोन्ही औषधं सुरू होणार होती. हातात पाण्याचा पेला, दोन गोळ्या समोर कागदावर, आणि पाणी पँटीवर सांडलेलं. नर्स म्हणत होती घ्या, आणि तो म्हणत होता घेतो, घेतो.

मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. लोरेनी, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"नेल्सीबाई! पोरगी कुठंय? तिला दाखवायचं होतं, बघ म्हणावं, इंतेरवाला थांबून थांबून म्हातारा झाला पण पोचला."

डॉक्टर मागाली माझ्या मागेच दारात उभ्या होत्या. मला त्यांचा श्वास ऐकू आला.

मी म्हटलं, "आईकडे गेलीय."

"आईकडे? तिला आई आहे?"

"आहे तर. माटो ग्रोसोला असते, सिनोपला. तिचं सलून आहे. तिथली हवा मानवेल म्हणून घेऊन गेली."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग कागदावरच्या गोळ्यांकडे. मग म्हणाला, "चांगलं केलं. तिकडे ऊन आहे. इथली थंडी फुप्फुसं खाते." आणि एक गोळी उचलली, गिळली. मग दुसरी. पेला डॉक्टरांनी त्याच्या हातून घेतला आणि पुन्हा भरून आणला.

मी खोटं बोलले. चूक की बरोबर, मला माहीत नाही. त्या माणसापुढे, त्या दोन गोळ्यांपुढे, मला दुसरं बोलता आलं नाही.

पण आता गंमत ऐक. तो ट्रकवाला आहे. म्हणाला, सोयाबीनच्या हंगामात आमच्याकडचे सगळे ट्रक तुमच्या सिनोपकडेच जातात. अंगात ताकद आली की पहिली खेप तिकडची घेणार, तिला भेटणार, ग्रेमिओवरून चिडवणार. पत्ता मागितला. मी नाही म्हणू शकले नाही. सलूनचा दिला. मला तेवढाच ठाऊक आहे.

औषध लागू पडेल की नाही सांगता येत नाही. नाही पडलं तर हे सगळं इथेच संपलं, तुला काही त्रास नाही. पण पडलं तर उन्हाळा संपता संपता एक बारीक माणूस इंतेरची लाल टोपी घालून तुझ्या सलूनच्या दारात उभा राहील. तेव्हा खुर्चीत गिऱ्हाईक असेल, कदाचित तुझा नवराही असेल. जोसीविषयी त्याला काय सांगायचं ते तू ठरव, खरं सांग नाहीतर माझ्यासारखं सांग, मी काही म्हणणार नाही.

पण आधी तो विचारेल, जोसियानेची आई इथेच असते का.

त्याला हो म्हण.

नेल्सी